सोनेरी कार्डाचा मान आणि जुगाराचा आजार

जुगारी म्हटले की मटक्याचा अड्डा, गल्लीतला पत्त्यांचा डाव किंवा महालक्ष्मीचे रेसकोर्स आपल्या डोळ्यांपुढे येते. आज ज्या जुगाऱ्याविषयी लिहायचे आहे, तो अड्ड्यावर जात नाही. त्याच्या पाकिटात कॅसिनोचे सोनेरी कार्ड असते. त्याला नावानिशी फोन येतात, वाढदिवसाला केक येतो. या मानामुळेच आपल्याला काही आजार आहे हे त्याच्या व त्याच्या घरच्यांच्या लक्षात उशिरा येते.

लालबाग-परळ भागात व्यवसाय करताना असे काही रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांपैकी एकाची हकीकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. दादरला कापडाचे दुकान असलेले बावन्न वर्षांचे हे गृहस्थ झोप येत नाही आणि छातीत जळजळते म्हणून पत्नीसह आले. रक्तदाब १६० / १०० होता. आठवड्यापूर्वी ते गोव्याला, मांडवी नदीतील एका तरंगत्या कॅसिनोच्या ‘खास मेंबरां’च्या सोहळ्याला जाऊन आले होते. निमंत्रणात स्वतंत्र दालन, नामवंत गायकाचा कार्यक्रम आणि मोटारीची सोडत असे सारे कबूल केले होते. प्रत्यक्षात हॉटेलची खोली संध्याकाळपर्यंत मिळाली नाही. दालनात दोनशे माणसे होती आणि ताट घेऊन रांगेत उभे राहावे लागले. जेवण गार होते. गायक आला नाही, सोडत पुढे ढकलली गेली आणि भेट म्हणून एक कापडी पिशवी हातात पडली.

हे सारे त्यांनी मला पंधरा मिनिटे तपशीलवार सांगितले. शेवटी म्हणाले, “डॉक्टर, इतकी वर्षं जातोय तिथे. आपली काही किंमतच नाही का?”

त्यांची पत्नी शांतपणे म्हणाली, “साडेतीन लाख गेले त्याचं ह्यांना काही नाही. रांगेत उभं केलं त्याचं वाईट वाटतंय.”

पुढे विचारल्यावर कळले, की त्यातले दोन लाख जेवणानंतर गेले होते. रांगेतून निघून ते रागाच्या भरात टेबलावर जाऊन बसले होते. वाचकहो, माझ्या दृष्टीने हे महत्त्वाचे लक्षण आहे.

कार्डाचा हिशेब

कार्डाची पायरी सहसा तुम्ही हरलात की जिंकलात यावर ठरत नाही. दर डावाला सरासरी किती लावता आणि किती वेळ बसता, त्यावर ती ठरते. एक शून्य असलेल्या रूलेटच्या चाकावर ३७ घरे असतात. एका आकड्यावर लावून जिंकल्यास ३५ पट मिळतात, म्हणून सरासरी २.७ टक्के रक्कम कॅसिनोकडे राहते. दोन शून्ये असली तर हेच प्रमाण ५.२६ टक्के होते. दर डावाला १,००० रुपये, तासाला ४० डाव आणि ५ तास असा हिशेब केला, तर माणूस एकूण २ लाख रुपये लावतो. त्यात सरासरी ५,४०० रुपये, आणि दोन शून्यांच्या चाकावर १०,५०० रुपये जाणार, हे कॅसिनोला आधीच ठाऊक असते. एखाद्या रात्री माणूस जिंकतोही. पण वर्षाचा हिशेब चुकत नाही. या अपेक्षित तोट्याचाच काही भाग खोली, जेवण आणि भेटवस्तू या रूपाने परत दिला जातो. म्हणजे ‘फुकट’ मेजवानीचे पैसे पाहुण्यानेच भरलेले असतात. कार्ड जितके वरचे, तितका तोटा मोठा.

आपल्या भागाला जुगार नवा नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर मुंबईत सट्टा चाले. पुढे १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी मटका सुरू केला. १९८२ च्या संपापूर्वी आणि नंतरही गिरणगावातल्या कित्येक घरांनी त्याची झळ सोसली. परंतु मटक्यात ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ यांच्यामध्ये काही तास जात. कॅसिनोत दर मिनिट-दीड मिनिटाला निकाल लागतो. डावांचा वेग जितका जास्त, तितके व्यसन लवकर जडते. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. १९७६ चा कॅसिनोविषयक कायदा कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. पण दादरहून रात्रीच्या गाडीत बसले की सकाळी गोवा येतो.

मेंदूत काय घडते?

आपल्या मेंदूत डोपामिन नावाचे रसायन आहे. वुल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवरील प्रयोगांत दाखवले, की अपेक्षेपेक्षा जास्त मिळाले की डोपामिनच्या पेशी अधिक काम करतात आणि अपेक्षेपेक्षा कमी मिळाले की मंदावतात. बक्षीस केव्हा मिळेल हे अनिश्चित असले, की मेंदू त्याच्या मागे अधिकच लागतो. थोडक्यात हुकलेला डावही मेंदूतील जिंकण्याशी संबंधित भागांना चेतवतो, असे केंब्रिजच्या संशोधकांना २००९ मध्ये आढळले.

आमच्या रुग्णाची अपेक्षा निमंत्रणाने उंच नेऊन ठेवली होती. ती पडली, मन खिन्न झाले, आणि खिन्नता घालवण्याचे त्यांना ठाऊक असलेले साधन तीस पावलांवर होते. म्हणून फसलेली मेजवानी जुगाऱ्याला घरी पाठवत नाही. बहुधा पुन्हा टेबलावरच नेऊन बसवते.

१९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेने अनावर जुगाराची मानसिक विकारांत नोंद केली आणि २०१३ मध्ये त्याला व्यसनांच्या गटात घातले. हा केवळ स्वभावदोष नव्हे.

लक्षणे ओळखा

१. पूर्वीइतकी मजा येण्यासाठी रक्कम वाढवत न्यावी लागते.
२. थांबवण्याचा प्रयत्न केला की चिडचिड, अस्वस्थता होते.
३. गेलेले पैसे भरून काढण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळणे.
४. दुःखात किंवा काळजीत असताना खेळावेसे वाटणे.
५. घरच्यांशी खोटे बोलणे, उसनवारी करणे, दागिने गहाण टाकणे.
६. कामधंदा, नातीगोती यांची हेळसांड.

यांतील चार किंवा अधिक लक्षणे वर्षभरात दिसली, तर तज्ज्ञांना भेटावे.

उपाय

आमचे रुग्ण व्यापारी. त्यांना मी वहीचे पान दुभागून लिहायला सांगितले. डावीकडे कार्डाने वर्षभरात काय दिले, उजवीकडे काय गेले. डावीकडची बेरीज, खोल्या आणि विमानाची तिकिटे धरून, सत्तर हजारांच्या आत होती. उजवीकडची अकरा लाख. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. विचार व वर्तन बदलणारी उपचारपद्धती सुरू झाली. मध्ये एकदा पाऊल घसरले. तसे घडू शकते, म्हणून उपचार सोडायचे नसतात.

घरच्यांनी पुढील गोष्टी कराव्यात :

• माणूस कॅसिनोवर रागावलेला असतो ती वेळ बोलण्याची असते. “बरं झालं, जिरली” असे म्हणू नये. त्याच्यासोबत बसून वरीलप्रमाणे हिशेब लिहावा.
• कार्ड परत करून आपले नाव व फोन नंबर यादीतून काढावा, असे लेखी कळवावे. निमंत्रणाचे नंबर बंद करावेत.
• बँक व्यवहार काही काळ पत्नी, भाऊ अशा विश्वासू व्यक्तीच्या हाती द्यावेत. कर्ज गुपचूप फेडून टाकू नये. त्याने पुढच्या डावाची सोय होते.
• कंपवाताच्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांनी काहींना जुगाराची अनावर इच्छा होते. असे वाटल्यास औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे.
• “मी नसलेलाच बरा” असे रुग्ण बोलू लागला तर त्याला एकटे सोडू नये. कर्जबाजारी जुगाऱ्यांत आत्महत्येचा धोका मोठा असतो. त्याच दिवशी मदत घ्यावी.

परळच्या केईएम रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते व तेथे मराठीतही बोलता येते. रुग्ण स्वतः तयार नसला, तरी घरच्यांनी फोन करून सल्ला घ्यायला हरकत नाही.