शोधनिबंधाचे दृक्‌श्राव्य सादरीकरण

पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे शोधनिबंध परीक्षेनंतर बहुधा कपाटात पडून राहतात. एका विद्यार्थिनीचा गुडूचीच्या द्रव्यपरीक्षणावरील निबंध औषधनिर्मात्यांच्या सभेत मांडताना आम्ही परिच्छेदच्या परिच्छेद पडद्यावर उतरविले. शेवटी एका औषधनिर्मात्याने विचारले, “वैद्यराज, माल घेताना ओळखायचे कसे?” दोष आमच्या मांडणीचा होता. पुनर्रचनेत पुढील क्रम ठेवला :

१) निष्कर्ष प्रथम : टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया हीच गुडूची ग्राह्य, टिनोस्पोरा क्रिस्पा नव्हे. आयुष मंत्रालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये हीच सूचना दिली होती.

२) एका स्लाइडवर एकच लक्षण : दोन्ही छायाचित्रे शेजारी, मोजपट्टीसह. गुडूचीचे कांड हिरवट, पाकळ्या सहा, फळे गोल व लाल. क्रिस्पाचे कांड करडे व गाठाळ, पाकळ्या तीन, फळे लांबट व नारिंगी.

३) क्रिया दाखवावयाची तेथेच चित्रफीत : ताजे कांड कापल्यावर क्रिस्पातून दुधाळ स्राव येतो, गुडूचीतून येत नाही. अर्धे मिनिट पुरते.

४) मर्यादा स्पष्ट सांगावी : वाळलेल्या तुकड्यांत पाने, फुले, फळे व स्राव दिसत नाहीत. तेथे सूक्ष्मदर्शकीय व रासायनिक परीक्षण करून घ्यावे.

पहिल्या स्लाइडवर विद्यार्थ्याचे नाव असावे आणि शक्यतो त्यानेच बोलावे. आकडे व पद्धती यांसाठी मूळ निबंधाची प्रत सभेत ठेवावी. वैद्यबंधूंनी आपल्या परिसरातील विद्यार्थ्यांस याकामी साहाय्य करावे, ही विनंती.