धानाची गिरणी आणि अडकलेले भांडवल

भंडारा जिल्ह्याचे मुख्य पीक धान होय, व त्याचा भाव गिरणीवाल्याच्या खरेदीच्या ऐपतीवर पुष्कळ अंशी अवलंबून असतो, हे आमच्या शेतकरी बंधूंस नव्याने सांगावयास नको. परंतु ती ऐपत कशाने खुंटते, याचा विचार क्वचितच होतो. तो आज करू.

गिरणीस दोन प्रकारचे भांडवल लागते. यंत्रे, बॉयलर व गुदामे यांत गुंतते ते स्थिर भांडवल. धानाची खरेदी, बारदान, मजुरी व वाहतूक यांत फिरते ते खेळते भांडवल. धान दिवाळीनंतर थोड्या महिन्यांत एकदम बाजारात येते. भरडाई व विक्री मात्र दीर्घकाळ चालते. परदेशी माल धाडणाऱ्यास तर तांदूळ विशाखापट्टणम अथवा काकिनाडा यांसारख्या दूरच्या बंदरी पोहोचवून पैशाची वाट पाहावी लागते. समजा, १ कोटी रुपयांचे धान दरसाल दरशेकडा १२ व्याजाने घेतले, तर दरमहा १ लाख रुपये व्याज चढते. चार महिने पैसा अडकला की ४ लाख गेले. नवे यंत्र घ्यावयाचे राहते ते येथेच.

त्यात धोरण पालटले म्हणजे संकट दुणावते. सप्टेंबर २०२२ मध्ये कणीची निर्यात बंद झाली. जुलै २०२३ मध्ये बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाची निर्यातही थांबली; ती सप्टेंबर २०२४ मध्ये किमान भावाच्या अटीवर पुन्हा खुली झाली. देशात अन्न महागू नये हा हेतू रास्तच. पण निर्यातीच्या भरवशावर काढलेल्या कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. मोठा व्यापारी तग धरतो. लहानाचा साठा आधीच तारण असतो, म्हणून त्यास नवे कर्ज दुर्मिळ. तो खरेदी आखडतो, आणि भार अखेर धानाच्या भावावर येतो.

म्हणून ज्या शेतकरी संस्थांस गिरणी काढावयाची असेल, त्यांनी पुढील गोष्टी ध्यानी धराव्या :

१. वर्षानुवर्षे चालणारे यंत्र अल्प मुदतीच्या कर्जाने घेऊ नये.

२. यंत्रे व गुदामे यांसाठी २०२० साली सुरू झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीची चौकशी करावी. त्यात २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ७ वर्षांपर्यंत व्याजात ३ टक्के सवलत ठेविलेली आहे.

३. परदेशी ग्राहकाने पैसे बुडविल्यास आधार म्हणून निर्यात पत हमी महामंडळाचा विमा उतरावा. ही सरकारी संस्था १९५७ पासून आहे.

४. सर्व माल परदेशच्या एकाच पेठेवर सोडू नये. देशातील गिऱ्हाईक राखून ठेवावे.

गिरणी यंत्राने चालते खरी. पण यंत्र चालते वेळेवर मिळालेल्या पैशाने. हा हिशेब आधी मांडावा, पाया मागाहून खणावा.