‘लक्षणीय फरक’ म्हणजे नेमके काय?



समजा, गावातील विहिरींच्या पाण्याची तपासणी झाली आणि अहवालाच्या शेवटी एकच वाक्य आले : “गेल्या वर्षीच्या मानाने लक्षणीय बदल आढळला नाही.” वाचणारा म्हणतो, “चला, पाणी चांगले आहे!” दुसऱ्या दिवशी तोच माणूस खताच्या दुकानात जातो. तिथल्या कागदावर छापलेले असते, “उत्पादनात लक्षणीय वाढ.” तो म्हणतो, “मग दोन पोती द्या.” दोन्ही वेळा त्याने घाई केली. एकदा पाणी पिण्याच्या बाबतीत आणि एकदा पैसे घालण्याच्या बाबतीत. म्हणून आज या एका शब्दाचा अर्थ नीट समजून घेऊ.

आपल्या रोजच्या बोलण्यात लक्षणीय म्हणजे मोठे, डोळ्यांत भरणारे. संशोधकाच्या अहवालात तसे नसते. तिथे अर्थ एवढाच, की दिसलेला फरक निव्वळ योगायोगाने पडला असेल असे वाटत नाही. फरक लहान की मोठा, फायद्याचा की धोक्याचा, याबद्दल तो शब्द काहीही सांगत नाही.

छाप की काटा

एक नाणे घ्या. ते उडवल्यावर ओळीने ४ वेळा छाप पडली, तर नाणे खोटे आहे असे म्हणाल का? चांगल्या नाण्याच्या बाबतीतही असे १६ पैकी एका खेपेला, म्हणजे सव्वासहा टक्के वेळा होईल. ओळीने ५ वेळा छाप पडण्याची शक्यता ३२ पैकी १, म्हणजे तीन टक्क्यांहून थोडी जास्त. संशोधकांनी यात एक रेघ आखली आहे : केवळ योगायोगाने एवढा फरक पडण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी असेल, तर फरक ‘लक्षणीय’ म्हणायचा.

ही रेघ रोनाल्ड फिशर या इंग्रज शास्त्रज्ञामुळे रूढ झाली. ते इंग्लंडमधील रॉथम्स्टेड येथील शेतीसंशोधन केंद्रात काम करीत आणि त्यांचे प्रसिद्ध पुस्तक १९२५ साली निघाले. म्हणजे ही विद्या शेतातच वाढली. एकाच वावरात एक कोपरा ओलसर असतो, एका जागी जुना उकिरडा असतो. तिथले पीक जोमदार आले, ते नव्या बियाण्यामुळे की जुन्या उकिरड्यामुळे? हे ओळखण्यासाठी वावराचे लहान वाफे पाडून, चिठ्ठ्या टाकून, प्रत्येक वाण अनेक वाफ्यांत लावायची पद्धत पडली. आपल्याकडे वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांनी लिहिलेले या विषयाचे पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ साली काढले, आणि त्यावर कृषी विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या.

कृषी विद्यापीठाच्या पत्रकातील तक्त्याखाली ‘सी.डी.’ असा आकडा असतो. दोन वाणांच्या सरासरीतील फरक त्याहून जास्त असेल, तरच तो लक्षणीय धरतात. समजा, तुरीचे जुने वाण हेक्टरी १२ क्विंटल, नवे १३.१ आणि सी.डी. १.६ आहे. फरक १.१ म्हणजे रेघेच्या आत. याचा अर्थ दोन्ही वाणे सारखीच आहेत असा नव्हे. या चाचणीला त्यांत निवाडा करता आला नाही, एवढेच.

तीन विहिरींचा हिशेब

आता पाण्याकडे येऊ. आपल्या बडोद्याच्या कारखान्यांचे सांडपाणी खंबायतच्या आखातापर्यंत नेणारा सुमारे ५५ किलोमीटरचा कालवा १९८३ साली सुरू झाला. तो पादरा आणि जंबुसर तालुक्यांतून जातो. त्याच्या काठच्या गावांतून विहिरींच्या पाण्याबद्दल तक्रारी वर्षानुवर्षे येत राहिल्या आहेत. अशा ठिकाणी एका शब्दाचा अर्थ चुकला, तर भोगावे लागते ते घरातल्या माणसांना.

समजा, अशा एखाद्या गावात ३ विहिरी तपासल्या आणि तिन्हींत क्षार वाढलेले निघाले. पाणी एरवी कधी थोडे वर, कधी थोडे खाली होतच असते. म्हणून छाप-काट्यासारखा हिशेब केला, तर तिन्ही वर जाण्याची योगायोगाची शक्यता ८ पैकी १, म्हणजे साडेबारा टक्के. रेघ ५ टक्क्यांची. अहवालात काय येईल? “लक्षणीय वाढ नाही.” तिन्ही विहिरी बिघडल्या तरी या पद्धतीने उत्तर तेच येणार, कारण विहिरीच ३ घेतल्या! तशाच ६ विहिरी घेतल्या आणि सहाही वर गेल्या, तर शक्यता ६४ पैकी १ होते आणि वाढ लक्षणीय ठरते. म्हणून “लक्षणीय बदल नाही” म्हणजे “बदल नाही” असे कधीही वाचू नये. आधी विचारावे : किती विहिरी पाहिल्या?

याची उलट बाजूही आहे. एका अहवालात २० पदार्थ तपासले आणि प्रत्यक्षात काहीच बदललेले नसले, तरी ५ टक्क्यांच्या रेघेने सरासरी एक पदार्थ योगायोगानेच ‘लक्षणीय’ निघेल. तो एकच उचलून ओरड करणे चूक आणि तो एकच उचलून जाहिरात करणेही चूक.

आणखी एक गोष्ट. बदल झाला का, हा एक प्रश्न. पाणी पिण्याजोगे आहे का, हा दुसरा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. एखाद्या विहिरीत ते गेल्या वर्षी ८० होते आणि यंदाही ८० आहे. बदल शून्य, पण ते पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात घालू नये. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण उलट वाढते.

सुखात्म्यांनी दाखवलेली चूक

पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध गावी झाला. देशातील पिकांचा अंदाज घेण्यासाठी शेतात लहान तुकडा आखून तेवढेच पीक कापून मोजीत. सुखात्म्यांनी १९४०च्या दशकात दाखवून दिले, की तुकडा फार लहान असला तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसते. कापणाऱ्याचा हात कडेची ताटे आत ओढतो, आणि तुकडा जितका लहान तितकी कडेची ताटे प्रमाणाने जास्त. असे शेकडो तुकडे मोजले तरी चूक जात नाही. चुकीचाच आकडा अधिक खात्रीने समोर येतो.

पाण्याचेही तसेच. एका वर्षी मे महिन्यात आणि पुढल्या वर्षी पावसाळ्यानंतर नमुना घेतला, तर दिसणारा फरक पावसाचा असेल. औषधाच्या जुन्या बाटलीत पाणी भरले, तर दोष बाटलीचा. मोजणीच चुकली, तर पुढचा हिशेब कितीही बारकाईने केला तरी उपयोग नाही.

चांगला अहवाल कसा असतो

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले. ३९ गावांत हे काम झाले आणि तुलनेसाठी ४७ गावे ठेवली. सुरुवातीला हजार जन्मांमागे नवजात मृत्यू कामाच्या गावांत ६२ आणि तुलनेच्या गावांत ५८ होते. तिसऱ्या वर्षी कामाच्या गावांत २५.५ आणि तुलनेच्या गावांत ५९.६. हा अहवाल १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. योगायोगाची शक्यता हजारात एकाहूनही कमी होती. पण अहवाल तेवढ्यावर थांबला नाही. आधी किती, नंतर किती, कशाशी तुलना, किती गावे, हे सारे त्यात मांडले होते. पुढे २०११ साली आशा कार्यकर्त्यांमार्फत अशी घरपोच काळजी देशभर सुरू झाली.

अमेरिकेतील संख्याशास्त्रज्ञांच्या संस्थेनेही २०१६ साली बजावले, की केवळ ही रेघ ओलांडली की नाही एवढ्यावरून कोणताही निर्णय घेऊ नये.

अहवाल हाती आला, की विचारा

१. फरक किती? आधीचा आणि नंतरचा आकडा दाखवा.
२. किती विहिरी, किती वाफे, किती माणसे पाहिली?
३. तुलना कशाशी? कालव्यापासून दूरच्या विहिरीही तपासल्या का?
४. नमुना कोणत्या महिन्यात आणि कसा घेतला?
५. एकूण किती गोष्टी तपासल्या, आणि सर्वांचे आकडे दिले आहेत का?
६. आकडा ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे का?

हे प्रश्न ग्रामसभेत विचारायला शाळा फार शिकलेली असावी लागत नाही. घरात एक वही ठेवा. दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच विहिरीचे पाणी, स्वच्छ बाटलीत तपासायला द्या आणि तारखेसह आकडा लिहून ठेवा. शेजारच्या पाच-सहा घरांनीही तसेच केले, तर तीन विहिरींचा हिशेब दहा विहिरींचा होईल, आणि मग “लक्षणीय नाही” असे म्हणून कोणाला तुमची तक्रार सहज बाजूला सारता येणार नाही.

घरी चर्चेसाठी : आपल्या विहिरीचे पाणी शेवटचे कधी तपासले? त्याचा कागद कुठे आहे? त्यावर आकडे आहेत, की नुसते एक वाक्य?