अलिंदांमधील पडदा व त्यातील छिद्रे

हृदयाला चार दालने असतात, हे विद्यार्थ्यांनी शास्त्राच्या पुस्तकात वाचलेले आहेच. वरच्या दोहोंस अलिंद व खालच्या दोहोंस निलय म्हणतात. अलिंद म्हणजे ओसरी. आत शिरण्यापूर्वी रक्त येथे क्षणभर टेकते. हे नाव योजणाऱ्याच्या रसिकतेचे आम्हांस कौतुक वाटते.

या दोन ओसऱ्यांमध्ये एक पडदा असतो. गर्भातील बालकाला श्वासोच्छ्वास नसल्यामुळे निसर्गच त्यात एक वाट ठेवतो. ती बहुधा जन्मानंतर मिटते. काही बालकांत मात्र पडदाच अपुरा राहतो. कधी छिद्र एक असते, तर कधी अनेक छिद्रांमुळे पडद्याची चाळणी झालेली असते. मग फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेले रक्त डावीकडून पुन्हा उजवीकडे येते व पुन्हा फुप्फुसांकडे धाडले जाते. सुभाष रोडवर बाजार आटोपलेला माणूस बोळातून परत त्याच रस्त्यावर लोटला जावा, तशी ही गर्दी होय.

लहान छिद्राने फारसे बिघडत नाही. मोठे असेल तर मूल हसतखेळत असतानाच हृदयाची उजवी बाजू फुगत जाते. पुढे फुप्फुसांच्या वाहिन्या कठीण झाल्या, की छिद्र बुजविणेच धोक्याचे ठरते. म्हणून वेळेस महत्त्व आहे. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयविकारांचीही तपासणी होते. शाळेत येणाऱ्या पथकाने पुढील तपासणीची चिठ्ठी दिली, तर ती दप्तरात न ठेवता त्याच दिवशी वडीलधाऱ्यांच्या हाती द्यावी.

1953 साली अमेरिकेत डॉ. जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने एका तरुणीचे असे छिद्र शिवले. छाती न उघडता ते बुजविल्याचे वृत्त किंग व मिल्स यांनी 1976 साली प्रसिद्ध केले. पुढे डॉ. कुर्ट अॅम्प्लाट्झ यांनी निकेल व टायटॅनियम यांच्या तारेची जाळी विणून दोन चकत्यांचे साधन बनविले. शर्टाच्या बाहीची दुहेरी गुंडी आठवावी. जांघेतील शिरेतून बारीक नळी हृदयात नेतात. एक चकती डावीकडे उलगडते, दुसरी उजवीकडे, आणि पडदा मध्ये धरला जातो. ध्वनिलहरींच्या चित्रात सर्व ठीक दिसल्यावरच गुंडी तारेपासून सोडवितात.

छिद्रे अनेक असली, की खरा पेच पडतो. एक बोळ बंद केला तर गर्दी दुसऱ्यातून वाहणारच. छिद्रे जवळजवळ असल्यास मोठ्यातील गुंडीच्या कडेखाली लहान छिद्र झाकले जाते. ती दूर असल्यास दोन गुंड्या लागतात. बहुधा लहान आधी बसवून मोठीची कड तिच्यावर येऊ देतात. चाळणीसारख्या पडद्यासाठी बारीक कंबरेची, सारख्या चकत्यांची निराळी गुंडी असते. ती मधल्या छिद्रातून घालावी लागते, आणि तेच छिद्र नेमके गाठणे कौशल्याचे काम होय. छिद्राभोवती गुंडीस धरावयास पुरेशी कड नसेल, तर मात्र शस्त्रक्रियाच करावी लागते.

नंतर सुमारे सहा महिने रक्त न गोठण्याचे औषध देतात. तेवढ्या काळात हृदयाचे स्वतःचे अस्तर जाळीवर वाढून तिला झाकून टाकते.