संकटकाळातील निवेदन

पूर्वी कलावंताला प्रेक्षक मिळवायचा, तर नाटक मंडळीत, आकाशवाणीवर किंवा वृत्तपत्रात शिरकाव करून घ्यावा लागे. मोबाइल फोन आणि इंटरनेट यांनी ही वाट पुष्कळच सोपी केली. स्वयंपाक शिकवणारी गृहिणी, शेतीची माहिती देणारा तरुण, गणित समजावून सांगणारे निवृत्त शिक्षक असे कितीतरी लोक आज आपल्या चित्रफिती यूट्यूबसारख्या ऑनलाइन मंचांवर ठेवतात. त्यांतून काहींचे घरही चालते. अशा लोकांना ‘आशयनिर्माते’ किंवा नुसते ‘निर्माते’ म्हणतात. ते त्या कंपनीचे नोकर नसतात. त्यांना नेमणुकीचे पत्र नसते, हक्काची रजा नसते, की अडचणीच्या वेळी जाऊन भेटावे असा साहेब नसतो. कंपनीकडून येणारा मजकूर हाच बहुधा त्यांचा कंपनीशी असलेला दुवा. म्हणून नियम बदलतो, कामकाज विस्कळीत होते किंवा सरकारी आदेश येतो, तेव्हा त्या मजकुरातील एकेका वाक्याला मोल येते.

या दृष्टीने अमेरिकेतील पेट्रिऑन या कंपनीचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. संगीतकार जॅक कॉन्टे आणि सॅम याम यांनी २०१३ साली ती स्थापन केली. राजेरजवाडे कलावंतांना आश्रय देत, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की येथे एका राजाऐवजी अनेक सामान्य रसिक दरमहा थोडेथोडे डॉलर देऊन कलावंताला आधार देतात. डिसेंबर २०१७ च्या पहिल्या आठवड्यात कंपनीने जाहीर केले, की १८ डिसेंबरपासून प्रत्येक वर्गणीवर २.९ टक्के आणि शिवाय ३५ सेंट इतके शुल्क रसिकांकडून घेतले जाईल. तोवर पैशांच्या देवघेवीचा खर्च निर्मात्यांच्या वाट्यातून कापला जाई आणि तो दरमहा कमीअधिक होई. नव्या पद्धतीत निर्मात्याला वर्गणीचे ९५ टक्के हमखास मिळतील, असे कंपनीचे म्हणणे होते.

हेतू वाईट नव्हता. पण हिशेब करून पाहावा. एक डॉलर देणाऱ्याला आता सुमारे १ डॉलर ३८ सेंट मोजावे लागणार होते. दहा कलावंतांना एकेक डॉलर देणाऱ्याचा खर्च दहावरून जवळजवळ चौदा डॉलरवर जाणार होता. शंभर डॉलर देणाऱ्या धनिकाला ही वाढ जाणवलीही नसती. फटका बसला तो लहान वर्गणीदाराला, आणि नवोदितांची मिळकत तर अशाच लहान वर्गण्यांची बनलेली असते. अनेक रसिकांनी वर्गण्या बंद केल्या. त्यांच्या नाराजीला उत्तर द्यावे लागले ते निर्मात्यांना, आणि निर्णय तर त्यांनी घेतलेला नव्हता. निर्मात्यांचा लाभ कंपनीने ठळकपणे सांगितला, पण त्याची किंमत कोण मोजणार, हे त्यांच्याशी आधी पुरेसे बोलून घेतले नाही.

१३ डिसेंबरला कॉन्टे यांनी निर्मात्यांना पत्र लिहिले. त्या पत्राची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. जाहीर केलेले बदल अमलात येणार नाहीत, हा निर्णय आरंभीच आला. त्यानंतर निर्मात्यांच्या तक्रारी कोणत्या, हे त्यांच्याच बाजूने मांडले गेले. अनेकांचे वर्गणीदार गेले, उत्पन्न गेले आणि कोणत्याही क्षमायाचनेने ते भरून येणार नाही, याची कबुली त्यात होती. मूळ अडचण अजून सुटलेली नाही, तेव्हा ती निर्मात्यांना सोबत घेऊन वेगळ्या मार्गाने सोडवू, हेही दडवले नाही. आपल्याकडे स्थानकांवर ‘होणाऱ्या असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ हे वाक्य दिवसातून अनेकदा कानी पडते. ते कोणी ऐकत नाही, कारण कोणाची कोणती असुविधा झाली हे त्यात नसतेच. कॉन्टे यांच्या पत्रात नुकसानीला नाव होते. तरीही हे पत्र उशिराच आले, हे मान्य करायला हवे. गेलेले सगळे वर्गणीदार पत्र वाचून परत येत नाहीत.

याउलट, आधी सांगून ठेवल्याने काय साधते, ते कोरोनाच्या साथीत दिसले. कार्यालयांत माणसे कमी असल्याने चित्रफिती तपासण्याचे अधिक काम यंत्रांवर सोपवावे लागेल, असे यूट्यूबने १६ मार्च २०२० रोजी निर्मात्यांना कळवले. नियमभंग न करणाऱ्या काही चित्रफितीही चुकून काढल्या जातील, अपील करता येईल पण त्याला वेळ लागेल, आणि माणसाने न तपासता काढलेल्या चित्रफितीबद्दल, नियमभंगाची पक्की खात्री असल्याखेरीज, दंडाची ताकीद लावली जाणार नाही, हेही त्याच निवेदनात होते. पुढे तसेच झाले. एप्रिल ते जून २०२० या तीन महिन्यांत जगभरात सुमारे १ कोटी १४ लाख चित्रफिती काढल्या गेल्या. सव्वातीन लाखांहून अधिक अपिले आली आणि त्यांतील निम्म्याच्या आसपास चित्रफिती परत ठेवाव्या लागल्या. पूर्वसूचनेने नुकसान टळले नाही. पण ज्याची चित्रफीत गेली, त्याला निदान कारण ठाऊक होते आणि पुढची पायरीही ठाऊक होती.

काही संकटांत मात्र कंपनीलाच उसंत मिळत नाही. २९ जून २०२० च्या रात्री भारत सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली. टिकटॉक त्यांतलेच एक. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या भारतातील प्रमुखांनी निवेदन काढले : आदेशाचे पालन होत आहे, सरकारपुढे बाजू मांडण्यात येईल, हे ॲप चौदा भारतीय भाषांत आहे आणि अनेकांची उपजीविका त्यावर अवलंबून आहे. त्याच दिवशी ॲप चालेनासे झाले. बंदी योग्य की अयोग्य, हा येथील विषय नाही. खेड्यातल्या निर्मात्यापुढचे प्रश्न साधे होते. आपल्या चित्रफिती हाती येतील का? ठरलेल्या जाहिरातीचे पैसे मिळतील का? इतका जमवलेला प्रेक्षक आता कोठे शोधायचा? अशा वेळी सर्व उत्तरे कोणाजवळच नसतात. तरी जे ठाऊक आहे ते, जे ठाऊक नाही ते, आणि पुढचे निवेदन केव्हा येईल तो दिवस, एवढे निर्मात्याच्या भाषेत सांगता येते. जे ॲप चौदा भाषांत चालते, त्याच्या अडचणीची वार्ताही चौदा भाषांत पोचायला हवी.

शब्दार्थ
शिरकाव – प्रवेश. नवोदित – नव्याने पुढे येणारा. क्षमायाचना – माफी मागणे. उसंत – सवड.

स्वाध्याय
१. पेट्रिऑनच्या शुल्कवाढीचा फटका लहान वर्गणीदारांना अधिक का बसला असता? पाठातील आकडे वापरून लिहा.
२. ‘तांत्रिक कारणास्तव देयके विलंबाने अदा करण्यात येतील.’ या वाक्यात कोणती माहिती नाही? आवश्यक ती माहिती घालून हे वाक्य सोप्या मराठीत पुन्हा लिहा.
३. गावातील दूध संकलन केंद्राचे यंत्र बिघडल्यामुळे या आठवड्याचे पैसे वेळेवर देता येणार नाहीत. केंद्रप्रमुख या नात्याने शेतकऱ्यांसाठी दहा ओळींची सूचना तयार करा.