हरवलेल्या पूर्वजाचा शोध कसा घ्यावा?



आपल्या कोणत्याही घरी वंशावळ मांडायला बसा. आजोबांपर्यंत रेघ सरळ जाते. पणजोबांपाशी आले की कोणीतरी म्हणते, "ते गेले ते परत आलेच नाहीत." कोणी सांगते पलटणीत गेले, कोणी मुंबईच्या गिरणीत, कोणी दुष्काळात पोटामागे. असा बेपत्ता माणूस जुन्या कागदांतून कसा शोधावा, ते या पाठात पाहू.

सवर्ण घराण्यांच्या पिढ्या नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत सापडतात. ज्या नाशकात १९३० साली आपल्या लोकांना काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह करावा लागला, तेथल्या वह्यांत आपले पणजोबा सापडण्याची आशा कोणी धरावी? आपल्या माणसाची नोंद सरकारने आपल्या गरजेपुरती केली. वतनाची चाकरी, जमिनीचा सारा, पलटणीची भरती, जन्म-मृत्यू ही ती कारणे. म्हणून कागद हाती आला की तो कशासाठी लिहिला गेला हे आधी ओळखावे. मग त्यात आपला माणूस कोठे असेल ते उमगते.

१. माहितीच्या माणसापासून सुरुवात करा

एकदम पणजोबांना शोधू नका. आधी आजोबांचा शाळेचा दाखला व शाळेतील जनरल रजिस्टरचा उतारा काढा. त्यात बापाचे नाव, गाव व जात मिळते. त्या एका नावावरून मागची पिढी गाठायची. मधली कडी तुटली, तर पुढचा सारा शोध व्यर्थ जातो.

२. नावाचे रूप ओळखा

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. त्या रजिस्टरात जो 'भीमराव' हे नाव शोधील तो हात हलवीत परत येईल. तेथे नाव आहे 'भिवा'. घराण्याचे मूळ आडनाव सकपाळ, आणि जगाला ठाऊक झालेले आंबेडकर. बाबासाहेबांची ही गत, तर तुमच्या-आमच्या पणजोबांची काय सांगावी?

घरात ज्यांना धोंडिबा म्हणतात ते कागदात धोंडी, धोंडू किंवा नुसते धोंड्या असतील. 'धोंडी बिन रामा' म्हणजे रामाचा मुलगा धोंडी. आडनावाच्या जागी कित्येकदा नुसती जात लिहिलेली असते. त्याहून जुन्या नावांच्या शेवटी 'नाक' येते; कोरेगावच्या स्तंभावरील महार सैनिकांची नावे तशीच आहेत. ही रूपे एका कागदावर लिहून जवळ ठेवा. अपमानकारक रूप वाचून मन दुखेल, तरी डोळे मिटू नका. तोच आपला माणूस आहे.

३. गावचे दप्तर पाहा

जन्म-मृत्यूची जुनी वही कोठे 'कोतवाल बुक', तर कोठे 'गाव नमुना १४' म्हणून ओळखली जाते. ती बहुधा तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असते. जमीन असल्यास फेरफार व वारस नोंदी पाहा. महार वतने १९५८ च्या कायद्याने गेली, पण वतनी जमिनींचे कागद राहिले. बाबासाहेबांनी ज्या वतनी गुलामगिरीविरुद्ध १९२८ साली कायदेमंडळात बिल आणले, तिच्याच कागदांत आपल्या पिढ्यांची नावे आहेत.

बेपत्ता माणसाच्या नावापुढे 'परागंदा' हा शब्द आढळतो. सात वर्षे ज्याची खबर आप्तांना लागत नाही तो मृत धरावा, असा पुराव्याच्या कायद्यात १८७२ पासून नियम आहे. त्यामुळे माणूस गेल्यावर कित्येक वर्षांनी वारस नोंद झालेली असू शकते. ती पुढच्या सालांतही शोधा. तेथे पत्नीचे नाव असेल तर उतरवून घ्या. पुष्कळदा नवऱ्याचा माग मागे राहिलेल्या बाईच्या नावानेच लागतो.

कागद मोडीत असेल तर मोडी वाचकाची मदत घ्या. मराठवाड्यात निजामकाळचे कागद उर्दूत व फसली सनात असतात. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो. नक्कल रीतसर अर्ज करून मागावी. कोणी टाळाटाळ केली तर २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहे.

४. गावाबाहेरचा माग

"पलटणीत गेले" असे घरचे सांगत असतील तर सालाचा मेळ घाला. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, १११ वी महार पलटण उभी राहिली. १९२१ साली ती मोडली. महार रेजिमेंट १९४१ सालची. इराकातील बसरा स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, साध्या हिंदी शिपायांची मात्र नुसती संख्या. परंतु कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत अशा शिपायांच्या नोंदी आहेत. कित्येक नोंदींत बापाचे नाव, गाव व जिल्हाही आहे. ही यादी इंटरनेटवर फुकट पाहता येते.

कोकणातून कित्येक माणसे करारावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेली. तेथे १८३४ पासून आलेल्या हिंदी मजुरांची दप्तरे मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपली आहेत. बापाचे नाव, वय, जात, गाव आणि जहाज असा तपशील त्यांत मिळतो, काहींची छायाचित्रेही आहेत.

५. ताडून पाहा

नुसते नाव जुळले म्हणून पूर्वज सापडला असे मानू नका. नाव, बापाचे नाव, गाव व काळ, या चारांपैकी तीन तरी जुळावेत आणि तेही दोन वेगळ्या कागदांत. जे जुळत नाही ते 'अनिश्चित' म्हणून लिहा. जुन्या कागदावर स्वतःचे पेन कधीही चालवू नका. त्याने पूर्वज सापडत नाही, उलट नातवाचे प्रकरण बुडते.

नातवाचे प्रकरण मी उगाच काढत नाही. जातपडताळणीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा धरला जातो. १९५६ नंतर आपल्या दाखल्यांवर 'बौद्ध' लागले. १९९० साली केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती दिल्या, तरी आजोबांची जुनी जात दाखविणारा कागद लागतोच. तुटलेली कडी जोडली नाही म्हणून हुशार मुलामुलींचे प्रवेश अडतात.

आता गृहपाठ. घरातील सर्वांत वृद्ध बाईजवळ वही घेऊन बसा. तिचे माहेर, सासऱ्याचे नाव, गेलेल्या माणसाची घरातील हाक आणि तो गेला तेव्हा कोणते मूल किती वर्षांचे होते, एवढे विचारा. १९५६ साली जी मुलगी दहा वर्षांची होती ती आज ऐंशीच्या घरात आहे. तहसील कचेरी पुढच्या आठवड्यातही उघडी राहील. आजीकडे मात्र आजच जा.