पडद्यावरची संगत आणि ताटातील अन्न : एक अभ्यास

आपल्या समाजात अन्नाचा प्रश्न नेहमी अभावाचा प्रश्न म्हणूनच मांडला गेला. तो आजही संपलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. परंतु घरात अन्न असूनही माणूस स्वतःहून उपाशी राहतो, असाही एक आजार आहे. त्याचा मोबाईलवरील गटांशी काय संबंध आहे, हे संशोधनाच्या आधारे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

आजाराचे स्वरूप : इंग्लंडचे डॉ. विल्यम गल यांनी १८७३ च्या सुमारास या आजारास ‘अॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव दिले. यात रुग्ण जेवण कमी करीत जातो, वजन धोक्याच्या पातळीपर्यंत घटते, तरी आपण जाड आहोत असेच त्याला वाटत राहते. १९७९ साली डॉ. जेरल्ड रसेल यांनी ‘बुलिमिया नर्व्होसा’चे वर्णन केले. यात भरमसाट खाणे आणि मग ते ओकून काढणे असे चक्र चालते. हे नखरे नव्हेत. हा मनाचा व शरीराचा आजार आहे आणि तो प्राणघातक ठरू शकतो. भारतात डॉ. खंडेलवाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली पाच तरुणींची माहिती प्रसिद्ध केली. त्या जेवण नाकारीत, वारंवार ओकाऱ्या होत, पाळी थांबली होती. मात्र शरीराविषयीची विपरीत कल्पना त्यांच्यात दिसली नाही. म्हणजे आपल्याकडे हा आजार पोटाच्या तक्रारीचे रूप घेऊनही येऊ शकतो.

संशोधन काय सांगते : फिजी बेटांवरील एका प्रांतात १९९५ साली दूरदर्शन संच आले. डॉ. अॅन बेकर यांनी तेथील शाळकरी मुलींची त्याच वर्षी व पुन्हा १९९८ साली पाहणी केली. खाण्याविषयी चिंताजनक लक्षणे दाखविणाऱ्या मुलींचे प्रमाण १२.७ वरून २९.२ टक्क्यांवर गेले होते. पुढे इंटरनेट आले. उपासमारीला ‘जीवनशैली’ म्हणून गौरविणारी स्थळे निघाली. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशी १८० स्थळे तपासली गेली. त्यांतील ८३ टक्के स्थळांवर हे घातक वर्तन कसे करावे याच्या उघड सूचना होत्या. २०२१ साली फेसबुक कंपनीचे अंतर्गत कागद बाहेर आले. आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाईट वाटते, असे ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितल्याची त्यात नोंद होती.

असे का घडते? एकटी पडलेली मुलगी गटात सोबत शोधते. तेथे घटलेल्या वजनाचे कौतुक होते, चढाओढ लागते, आणि घरच्यांपासून लपविण्याचे धडे मिळतात. एक चित्रफीत पाहिली की यंत्रणा तशाच दहा दाखविते. अर्थात, आधीच त्रस्त असलेल्या मुलीच अशा गटांकडे अधिक वळतात, हेही खरे. म्हणून सगळा दोष मोबाईलवर टाकता येत नाही. बरे होत असलेल्या रुग्णांचे गट परस्परांना धीरही देतात. प्रश्न संगतीचा आहे.

आपले कर्तव्य : २०१६ नंतर स्वस्त डेटा खेड्यापाड्यांत पोहोचला. भंडारा जिल्ह्यातील भात, वरण व तलावातील मासोळी खाऊन वाढलेली मुलगी आज शिक्षणासाठी वसतिगृहात राहते. तिच्या ताटाकडे पाहणारे कोणी जवळ नसते. पुष्कळ कष्टाने शाळा-कॉलेजपर्यंत पोहोचलेली ही पहिली पिढी या आजारात गमावणे आपल्याला परवडणारे नाही.

जेवण टाळणे, जेवणानंतर लगेच न्हाणीघरात जाणे, चक्कर येणे, पाळी बंद होणे, सतत वजनाची चर्चा, ही लक्षणे ओळखावीत. रागावू नये, बळजबरीने भरवू नये. ‘जाडी’, ‘काळी’ अशी थट्टा घरातून प्रथम बंद करावी. रक्ताची तपासणी करून डॉक्टरांना सर्व हकीकत सांगावी. शासनाची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून उपलब्ध आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

विद्यार्थी मित्रहो, देह सुकविण्याने ज्ञान मिळत नाही, हे अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांनी स्वानुभवाने जाणले व मध्यम मार्ग स्वीकारला. पोटभर जेवा, मैत्रिणीच्या ताटाकडेही लक्ष असू द्या, आणि ती गप्प झाली तर तिला एकटी सोडू नका.